जुमेरातीचं पान

'पुरावा?' असं विद्यापीठातल्या सरांनी प्रकरणाच्या समासात पेन्सिलनं लिहिलं होतं. बाकीच्या चौऱ्याऐंशी पानांवर एकही खूण नव्हती, कौतुकाची नाही की रागाची. टपालवाल्यानं पाकीट शिक्षकांच्या खोलीत आणून दिलं तेव्हा जैनोद्दीन पाचवीच्या वह्या तपासत होता. हातात लाल पेन्सिल होती. दुसऱ्याच्या पेन्सिलीचा तो एक शब्द बघून त्याला आठवलं, की आपणही आजवर कैक पोरांच्या समासात असलेच शब्द लिहून मोकळे झालो आहोत. ज्या वाक्याला तो शब्द चिकटला होता ते त्यानं आठ वेळा खोडून नवव्यांदा लिहिलं होतं : 'निजामी राजवटीत उस्मानाबाद जिल्ह्यातल्या निदान एका खेड्यात मुलांसाठी मराठी गोष्टी लिहिल्या जात होत्या आणि मुलं त्या वाचत होती.' वाक्य खरं होतं. त्या मुलांतला एक तो स्वतः होता. पण विद्यापीठात वाचणाऱ्याला साक्षीला बोलावत नाहीत, कागदाला बोलावतात. कागद जिवंत पाहिजे, माणूस नसला तरी चालतो.

पाच वर्षं तो मराठी बालवाङ्मयाचा इतिहास करत होता. औरंगाबादला विद्यापीठ निघालं, नाव नोंदवलं, आणि तेव्हापासून प्रत्येक सुट्टी ग्रंथालयाच्या बाकड्यावर गेली. धाराशिवच्या शाळेत ही एक मोठीच गंमत झाली होती. "काय जैनोद्दीन, चिऊताईचं कुठवर आलं?" असं गणिताचे मास्तर रोज विचारायचे, आणि दाढीचा एक माणूस काऊचिऊवर डॉक्टर होणार म्हणून हसायचे. हसणारे शहाणे असतात असं त्याला कधी वाटलं नाही. तीनशेच्या वर पुस्तकं त्यानं वाचली होती. त्यांतल्या पोरांच्या घरापुढं बाग होती, बागेत झोपाळा होता, पोरांना ताप आला की डॉक्टर घरी येत. वर्गात तो ती पुस्तकं मोठ्यानं वाचायचा आणि पोरं तोंडं उघडी टाकून ऐकायची, मग एखादं विचारायचं, "गुरुजी, ही पोरं शेरडं कवा राखतेत?" त्या प्रश्नाचं उत्तर तीनशे पुस्तकांत नव्हतं. तरी तो वाचत गेला, टिपणं काढत गेला, सन-सनावळ्या लावत गेला, आणि इतिहास पुढं सरकला तसा नकाशावरचा आपला मुलूख त्याला कोराच दिसत राहिला. जणू दोनशे वर्षं इथं मुलं जन्मलीच नाहीत. एकदम बाप्ये जन्मले, नांगर धरूनच.

सरांचा राग येत नव्हता, हीच अडचण होती. भीमाशंकर सर चांगला माणूस होता. आपल्या घरची पुस्तकं द्यायचे, ग्रंथालय बंद झालं की स्वतःच्या पंगतीला बसवायचे. मागच्या भेटीत त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले होते आणि म्हणाले होते, "जैनोद्दीन, माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण मी परीक्षक नाही. परीक्षक पुण्याचे, ते म्हणतील, मुलाखतीतल्या आठवणी म्हणजे इतिहास नव्हे. एक पान आण. वहीतलं, भिंतीवरचं, कसलंही. एका पानावर मी सगळ्यांशी भांडेन." आणि तो छाती काढून म्हणाला होता, "एक काय, पेटीभर आहेत." मग प्रकरण पाठवून दिलं. पान पाठवलं नाही.

शनिवारी अर्धी शाळा सुटली तशी त्यानं गाडी धरली. तुळजापूरला गाडी बदलावी लागते. सोलापूरकडून आलेल्या गाडीतून बायाबापड्या उतरत होत्या, कपाळं भरलेली, परड्या हातात. त्यांच्या गर्दीत तो प्रकरणाचं पाकीट काखेत दाबून उभा राहिला. पान पाठवलं नाही, कारण पान त्याच्याजवळ कधी नव्हतंच. ते गावी अम्माजवळ होतं, लाकडी पेटीत. पाच वर्षं तो प्रत्येक ईदला गावी गेला, पेटी उघडली, पानं हातात घेतली आणि न वाचताच परत ठेवून दिली. धाराशिवच्या भाड्याच्या खोलीत उर्दू कागदांची थप्पी आणायची त्याची छाती झाली नाही. घरमालक बघेल, शेजारी बघेल, कुणी म्हणेल मास्तर काय लिहितो रे चोरून, कुठं पाठवतो? असं कुणी म्हटलं नव्हतं. कुणी म्हणायच्या आधीच तो भ्याला होता. लोक भित्र्या माणसाची कीव करतात; त्यानं स्वतःची केली नाही. तो भेकड होता, आणि ज्याचा प्रबंध लिहीत होता ती गोष्ट त्यानं म्हाताऱ्या आईच्या अंगावर टाकून दिली होती. दिवाळीत त्यानं तिला एक कार्ड टाकलं, तेवढंच. 'अम्मा, अब्बांच्या कागदांकडं लक्ष ठेव. पेटीला वाळवी लागंल. त्यांची बेअदबी होऊ देऊ नकोस.' बेअदबी हा शब्द त्यानं मुद्दाम शोधून घातला होता. जपून ठेव म्हटलं असतं तर तिनं गुळाच्या ढेपेसारखे जपले असते. बेअदबी म्हटल्यावर ती डोळ्यांत तेल घालून बसेल.

गाडी जळकोटला थांबते. तिथून गाव दोन कोस, पायी. गावाचं नाव लिहिण्यात अर्थ नाही. जे तिथं झालं ते आजूबाजूच्या बऱ्याच गावांत झालं. वाटेत शाळेची जुनी खोली लागते, आता तिच्यात सोसायटीचं खत असतं. याच खोलीत अब्बा शिकवत. रसूल मास्तर. पोरं मराठी बोलणारी, आणि सरकारचं फर्मान उर्दूचं. पोरं अक्षरं गिरवायची, मोठ्यानं घोकायची, आणि त्यातलं त्यांना काही म्हणता काही कळायचं नाही. अब्बांना देवनागरी येत नव्हती. त्यांनी एक साधी गोष्ट केली, इतकी साधी की ती कुणा विद्वानाला सुचली नसती : पोरांच्या तोंडची मराठी त्यांनी उर्दू अक्षरांत लिहायला घेतली. दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, दुपारच्या सुट्टीनंतर एक नवं पान भिंतीला लागायचं. बदामी कागद, बोरूची जाड अक्षरं, चार कोपऱ्यांना बाभळीचे चार काटे. शुक्रवारी सुट्टी असायची, तरी पोरं शाळेकडं यायची, दाराच्या फटीतून उरलेली गोष्ट वाचायला. 'ळ' त्या लिपीत नाही. अब्बांनी लामच्या, म्हणजे तिथल्या 'ल'च्या, पोटात एक टिंब देऊन स्वतःचा ळ केला होता. मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, साहेब यायचे, भिंतभर उर्दू बघून खूश व्हायचे, मान डोलवायचे, शेरा लिहायचे. जवळ जाऊन वाचत कुणी नसे. जवळ गेले असते तर भिंतीवर शेळी बोलत होती, 'आगं बया, पाय लई दुखतुया.'

मग अठ्ठेचाळीसचा, पोलीस ॲक्शनचा भाद्रपद आला. जैनोद्दीन तेरा वर्षांचा होता आणि त्याला फक्त आवाज आठवतो. दारावर थाप नव्हती. हाक होती. 'मास्तर, ओ मास्तर.' लोक बाहेरगावचे होते, पण हाक गावातली होती, वर्गातली होती, आणि अब्बांनी ती ओळखली म्हणून कडी काढली. त्यांना घेऊन गेले. अम्माला आणि त्याला शेजारच्या बलभीमकाकांनी मागच्या दारानं नेऊन आठ दिवस कडब्याच्या गंजीत ठेवलं. मागच्या वर्षी प्रबंधासाठी तो गावात घरोघर फिरला होता, कुणाला भिंतीवरच्या गोष्टी आठवतात का विचारत. अब्बांच्या हाताखालची सगळी पोरं आता मिशावाली झाली होती. एकालाही आठवत नव्हतं. सोसायटीच्या आण्णासाहेबानं चहा पाजला, पान दिलं आणि पायरीकडं बघत सांगितलं, "तुजे वालिद उर्दूचे मास्तर. ते मराठी कशाला लिवतील? सपान पडलं आसंल तुला." हाक कुणाची होती ते जैनोद्दीननं त्याला कधी विचारलं नाही. आण्णासाहेबानंही माझी नव्हती असं कधी सांगितलं नाही. गाव वाईट नव्हतं. गावाला फक्त मास्तर आठवायचा नव्हता. मास्तर आठवला की पुढचंही आठवतं.

"आलं का धाराशिवचं मास्तर!" बलभीमकाका ओसरीवर अम्माशी बोलत बसले होते. "सायराबी, बघा, पोरगं वाळलंय. शेरडाकरडाची पुस्तकं वाचून ह्यो बी पालाच खातुय वाटतं."

अम्मानं हसून पाण्याचा तांब्या पुढं केला. तो प्याला नाही. सरळ आत गेला, पेटी ओढली, झाकण उघडलं. आत अब्बांची टोपी होती, अम्माची लग्नातली ओढणी होती, आणि तळाशी पाचसात कोरे बदामी कागद. लिहिलेलं एकही नव्हतं.

"अम्मा, अब्बांचे कागद?"

"थंडे केले रं," अम्मा दारातूनच म्हणाली. कुठलंही काम नीट पार पडल्यावर माणूस सांगतो तसं सांगितलं. "तुजं कार्ड आलं, बलभीमभाऊनं वाचून दावलं. पेटी उगडून बघती तर वाळवी. कडंकडंनं खाल्लेलं. म्हनलं, पोरगं म्हनतंय ते खरं हाय, ही बेअदबीच की. मग थंडे केले."

त्याला अर्थ विचारावा लागला नाही. मुसलमानाच्या घरात पाक अक्षराचा कागद जीर्ण झाला की जाळत नाहीत, फेकत नाहीत, पायदळी जाऊ देत नाहीत; पाण्यात सोडतात. अम्माला एक अक्षर येत नव्हतं. उजवीकडून डावीकडं जाणारी प्रत्येक ओळ तिला कुराणाची होती. रद्दीतल्या दवाखान्याच्या जाहिरातीवरसुद्धा तिनं कधी भाकरी ठेवली नव्हती.

"म्याच सोडले," बलभीमकाका म्हणाले. "खालच्या हिरीत ढोरं पाणी पितेत, तिथं न्हाय. वरच्या मळ्यातल्या. चपला काढून, पांढऱ्या फडक्यात बांधून, धोंडा घालून. लई नीट ग्येलं बघ तळाला. एक कागुद वर आला न्हाय." मग जैनोद्दीनचं तोंड बघून त्यांनी आवाज उतरवला. "काय चुकलं का रं?"

"न्हाई काका."

"हिरीत उतरू का? अजून हाय दम."

"दोन महिने झाले, काका. शाई राहिली नसंल."

बलभीमकाका पागोट्याचा शेव चाळवत बसले आणि मग उठून गेले. अम्मा भाकरी थापायला बसली. तो पेटीपुढं बसून राहिला. राग कुणाचा करायचा, हे पहिल्यांदाच त्याला कळेना. ज्यांनी अब्बांना नेलं त्यांना ते कागद सापडले नव्हते. वाळवीला पंधरा वर्षांत पुरते खाता आले नव्हते. ते बुडवले जीव लावणाऱ्या दोन माणसांनी, आणि बुडवायला सांगितलं त्यानं, चांगल्या अक्षरात, सरकारी कार्डावर. त्याच्या डोक्यात एक घाणेरडा विचार आला, की बरं झालं, आता खोलीवर न्यायची भीती नाही. तो विचार त्यानं पुरता बघितला. मग हात पेटीत गेला आणि कोरा कागद वर आला.

कागद तोच होता. बदामी, खरबरीत, कोपऱ्यांना काट्यांची भोकंसुद्धा पाडून ठेवलेली. अब्बा आधीच पाडून ठेवत. कोनाड्यात बोरू होता. शाईची पुडी त्याच्या खिशात होती, मास्तराच्या खिशात असतेच. सर म्हणाले होते, एक पान आण. लिहिणारा तोच हात नव्हता, पण त्या हातानंच हा हात घडवला होता. मनगट धरून, अलिफ उभा कर, मीमला पोट दे. ही लबाडी आहे असं त्यानं स्वतःला सांगून बघितलं. लगेच दुसरं उत्तर आलं, की जी गोष्ट होती तीच लिहितो आहे, मग लबाडी कसली? खऱ्या गोष्टीला खोटं पान. परीक्षकाला खरं पान पाहिजे, गोष्ट कसली का असेना. ओसरीच्या उन्हात तो मांडी घालून बसला आणि लंगड्या शेळीची गोष्ट लिहायला लागला. पहिल्या दोन ओळी अडखळल्या. मग हात सुटला. लामच्या पोटात टिंब देताना त्याचे डोळे भरून आले, कारण तो ळ जगात आता फक्त त्याला येत होता. दुष्काळात कळप पाण्याला गेला, लंगडी शेळी मागं राहिली, घरी तिची तीन करडं. ती रखडत रखडत दरीतल्या झऱ्याला पोचली, पाणी प्याली, पान्हा फुटला, घुंगरू वाजवत घरी आली, करडं लुचायला लागली. पान बरोबर भरलं. त्यानं ते वाळवलं, एक कोपरा दातानं कुरतडला, राख चोळली. अक्षरांकडं बघून त्याला स्वतःलाच शहारा आला. अब्बाच.

"अम्मा," तो म्हणाला, "एक पान राहिलं होतं बघ. पेटीच्या फटीत."

तिनं पिठाचे हात धुतले, पदराला पुसले, पान दोन्ही हातांनी घेऊन डोळ्यांना लावलं. मग परत त्याच्या हातात दिलं. "वाच."

त्यानं वाचलं. ती चुलीजवळ उकिडवी बसून ऐकत होती, मान खाली. वाचून झाल्यावर तिनं काटकीनं राखेत दोन रेघा ओढल्या.

"ह्ये त्यांचं न्हाय."

"अक्षर बघ की अम्मा. त्यांचंच हाय."

"मला अक्षर काय कळतंय? शेळी मेली पायजे."

त्याची नजर पानाच्या शेवटच्या ओळीवर गेली.

"शेळी दरीतच मरती," अम्मा म्हणाली. "मी भांडायची त्यांच्यासंगं. म्हनायची, लेकरांच्या गोष्टीत कशाला मारताव तिला? ते म्हनायचे, सायरा, लेकरांनी घरी मेलेली शेरडं बगितलेली असतेत. गोष्टीत जगवली तर मास्तरवर इस्वास ठिवनार न्हाईत. आन् तुजी शेळी पानी पिऊन गुमान घरी येती. कुनाची गोष्ट हाय ही?"

कुणाची ते त्याला माहीत होतं. तीनशे पुस्तकांची होती. अब्बांची शेळी त्यानं भिंतीवर स्वतः वाचली होती, रडला होता, आणि पाच वर्षांत एकेक पुस्तक वाचत तिला त्यानं हळूहळू जिवंत करून घरी आणलं होतं, ध्यानातसुद्धा न येता. कागद विहिरीत गेले दोन महिन्यांपूर्वी. गोष्ट त्यानं त्याआधीच बुडवली होती.

"तू लिवलंस व्हय?" अम्मानं विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"व्हय."

"फाड मग."

"अम्मा, अक्षर हाय."

"खोटं हाय. फाड." जाहिरातीच्या कागदावर भाकरी न ठेवणारी बाई काटकीनं चूल दाखवत होती. त्यानं पान फाडलं, चार तुकडे केले, आणि ते चुलीत गेले तेव्हा तिनं तोंड फिरवलं नाही.

मग त्यानं झोळीतून आपली नेहमीची वही काढली, रेघांची, शाळेची. "सांग," तो म्हणाला. "जसं त्यांनी लिहिलं होतं तसं."

"मला कुठं पुरं येतंय?"

"येतंय तेवढं."

ती सांगू लागली आणि तो देवनागरीत उतरवू लागला. सांगताना तिचा आवाज बदलला. मधेच ती थांबायची, पुरुषासारखं खाकरायची, आणि त्याला कळायचं की इथं अब्बा खाकरत असत. शेळी दरीत मेली. लांडग्यानं तिला खाल्लं. मग लांडग्यानं तिच्या गळ्यातलं घुंगरू काढलं आणि स्वतःच्या गळ्यात बांधलं. चालत चालत घराशी आला. आत तीन करडं. बाहेर घुंगरू वाजलं. धाकटं म्हणालं, आय आली. थोरलं म्हणालं, आय लंगडती, ह्ये घुंगरू लंगडत न्हाय. मधलं उठलं आणि कडीला हात घातला.

तो लिहायचा थांबला.

"मग?"

"मग काय?"

"कडी काढली का न्हाय?"

अम्मा ओशाळली. वर्गात उत्तर न आलेल्या पोरासारखी. "न्हाय ठावं रं जैनू. लिवलं की मला आधी वाचून दावायचे, दिवा लावून. मी दिसभर खुरपून यायची. कडीला हात घातला की माजा डोळा लागायचा. रोज म्हनायची, आज ऱ्हाईन जागी." ती जरा हसली. "ते म्हनायचे, झोप, जुमेरातीला पोरं सांगतील तुला पुडचं. इचार की पोरांना."

"विचारलं, अम्मा. कुणी सांगत न्हाई. आन् मी वाचलेलं मलाच आठवंना."

तव्यावरची भाकरी एका बाजूनं काळी झाली होती ती तिनं उलटली.

रात्रीची गाडी सोडून तो तिथंच ओसरीवर बसला आणि प्रकरणाची शेवटची दोन पानं नव्यानं लिहून काढली. भाषा विद्यापीठाचीच ठेवली, कारण दुसरी भाषा ते वाचत नाहीत. कागद आता उपलब्ध नाहीत, असं लिहिलं. ते प्रबंधकाराच्या पत्रावरून पाण्यात सोडण्यात आले, त्यात इतर कोणाचा दोष नाही, असं लिहिलं. लेखक : रसूल मास्तर, मृत्यू भाद्रपद १९४८, मृत्यूचं कारण दोन शब्दांत लिहिलं आणि खोडलं नाही. सांगणारी : सायराबी, वय साठीच्या आसपास, निरक्षर. मग गोष्ट, जशी सांगितली तशी, शेळीच्या मरणासकट, कडीवरच्या हातापर्यंत. सर भांडतील की नाही, पुण्याचे परीक्षक पास करतील की हसतील, हे त्याला माहीत नव्हतं, आणि गंमत म्हणजे जाणून घ्यावंसंही या घडीला वाटत नव्हतं. पाऊण पान कोरं राहत होतं. ते तसंच ठेवून त्यानं खाली बारीक अक्षरात टीप घातली :

'यापुढची गोष्ट गावातल्या ज्यांना माहीत आहे ते सांगत नाहीत. जी सांगते ती दिवसभर खुरपून आलेली असे. इथवर ऐकून तिला झोप लागे.'